डाव्या हातातला तुर्क : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

ऑगस्टमधल्या घरगुती श्रवणसत्राची पाळी माझ्यावर आली. पंधरा माणसं, आमचाच दिवाणखाना, चाळीस मिनिटं. विषय मीच निवडला, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही: तुर्की लष्करी संगीतावरून सुचलेल्या पियानोच्या रचना शेजारी शेजारी ठेवून ऐकायच्या.

दोन रचना आपोआप ठरल्या. मोझार्टच्या अकराव्या सोनाटाचा (ए मेजर, मोझार्टच्या रचनांच्या केखेल यादीत क्रमांक ३३१) शेवटचा भाग ‘आल्ला तुर्का’, म्हणजे ‘तुर्की ढंगात’, आणि बीथोवनचा ‘तुर्की मार्च’. तिसरी शोधायची आहे. पहिली सगळ्यांनी ऐकलेली असते, निदान मोबाइलच्या रिंगटोनमध्ये तरी. त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ जायला नको. प्रश्न एकच ठेवते: यात तुर्की आहे ते नेमकं काय?

चाळिशी उलटल्यावर पियानो शिकायला लागले, तेव्हा क्लासमध्ये सांगितलं होतं की ही चाल तुर्की आहे. चाल. तिथूनच सुरुवात करू.

१४ जून, शनिवार

उजव्या हाताची चाल सरगममध्ये लिहून काढली. षड्ज पांढरी सहा, म्हणजे पियानोवरचा ए. सुरुवात: रे सा नी सा, कोमल ग. मग म ग रे ग, प. पुढे कोमल ध, प, तीव्र म, प, आणि वरच्या सप्तकात पुन्हा रें सां नी सां. म्हणजे ग आणि ध कोमल, नी शुद्ध, तीव्र मध्यम नुसता पंचमाला चाटून जाणारा. पेटी वाजवणारा कुणीही ‘कीरवाणी’ म्हणेल आणि त्यात चूक नाही, कारण पाश्चात्त्य हार्मोनिक मायनर आणि आपला कीरवाणी यांचे स्वर एकच.

पण मग तुर्की कुठे गेलं? तुर्की मकामांत (त्यांच्याकडचे राग म्हणा) एका पूर्ण स्वरांतराचे नऊ भाग मानतात, त्यांना ते ‘कोमा’ म्हणतात. पियानोच्या पट्टीवर यातलं काहीच उमटत नाही. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तीही अशाच तक्रारीवरून, की ठोकळेबाज पट्ट्यांमधून श्रुती आणि मींड निघत नाही. मोझार्टला ही अडचण जाणवलीच नसणार. तो मकामाच्या वाटेला गेलाच नाही. चाल साफ व्हिएन्नाची आहे.

क्लासमधलं वाक्य वहीतून खोडलं.

१५ जून, रविवार

रचनेचा सांगाडा मोजला. एकूण १२७ बार, म्हणजे तालाचे सारखे खण. पहिले २४ ए मायनरमध्ये, हलक्या आवाजात. मग ८ बार ए मेजर, जोरात, उजवा हात सप्तकाच्या जोड्यांनी. मग एफ शार्प मायनरची २४ बारांची धावपळ. पुन्हा ८, पुन्हा सुरुवातीचे २४, पुन्हा ८, आणि ९७व्या बारपासून ३१ बारांचा जल्लोष.

या ८ बारांच्या तुकड्याला मी आजवर ‘मोठा आवाज’ एवढंच समजत होते. आज डावा हात सुटा वाजवला. प्रत्येक ठोक्याआधी खालून वर झटकन घसरत येणारे स्वर आहेत. हात जमला की त्यातून स्वर ऐकू येत नाहीत, ‘तड्ड’ असा आवाज येतो. ताशाची काडी पडावी तसा. इथे काहीतरी आहे.

२२ जून, रविवार

आजची नोंद भाच्याच्या नावावर. तो ढोल पथकात आहे, गणपती दोन महिन्यांवर आल्यानं नदीपात्रात सराव सुरू झालाय, आणि सरावाआधी मावशीकडे थालीपीठ खाणं हाही सरावाचाच भाग आहे. मी पहिले चार बार हळू वाजवत होते. तो ताटावरून न उठता म्हणाला, “मावशी, तुझा डावा हात एकटा वाजव ना.”

वाजवला. प्रत्येक बारमध्ये चार ठोके. पहिल्या बारमध्ये खाली एकटा खर्ज, मग वर तीनदा तीच जोडी. दुसरा बार तसाच. तिसऱ्यात खर्ज, जोडी, खर्ज, जोडी. चौथा पुन्हा पहिल्यासारखा.

“अगं, हा एकच माणूस दोन बाजूंनी ढोल वाजवतोय. खालचा तो टोल, वरची ती थाप. तू नुसते टोल मोज.”

मोजले. धूम (थांबा) धूम (थांबा) धूम धूम धूम (थांबा). पायांनी चालून पाहिलं: डावा, डावा, डावा-उजवा-डावा. दहा वर्षं ही रचना बोटांत आहे आणि करंगळी काय करत होती हे मला एका थालीपिठाच्या घासाइतक्या वेळात कळलं. खट्टूही झाले, हे लपवत नाही.

२४ जून, मंगळवार

भाच्याचं म्हणणं तपासलं. ते त्याला वाटलं त्याहून जास्त खरं निघालं.

तुर्की ‘दावुल’ हा गळ्यात अडकवायचा मोठा ढोल. उजव्या हातात जाड लाकडी टोकमाक, डाव्या हातात बारीक चुबुक, म्हणजे छडी. जाड काठीनं घुमारा, छडीनं कोरडी चटचट. युरोपातल्या लष्करी पथकांनी हा ढोल उचलला तेव्हा दोन काठ्यांसकट उचलला. मोझार्टच्या ‘सेराल्योतून अपहरण’ (सेराल्यो म्हणजे जनानखाना) या ऑपेराच्या (व्हिएन्ना, १६ जुलै १७८२) स्वरलिपीत मोठ्या ढोलाच्या काही नोटांना दांडी वर आणि काहींना खाली आहे, ती याच दोन काठ्यांची खूण. सोनाटा त्यानंतर साधारण वर्षभरातला. आर्तारिया या प्रकाशकानं तो १७८४ मध्ये छापला. तेव्हा पियानोच्या डाव्या हातात दावुल शिरला असेल तर त्यात ओढूनताणून काही नाही. करंगळी टोकमाक, बाकीची बोटं चुबुक.

तुर्की तालशास्त्रात, म्हणजे ‘उसुल’मध्ये, दोनच मुख्य बोल आहेत: दुम आणि तेक. डग्गा आणि चाट म्हणा. त्यांचा ‘दुयेक’ नावाचा आठ मात्रांचा उसुल असा: दुम १, तेक २, तेक १, दुम २, तेक २. मोझार्टचे धूम त्याच मापानं मांडले तर २, २, १, १, २. बेरीज आठच, पण डौल निराळा. दुयेक पहिल्याच पावलाला लचकतो, मोझार्ट छाती काढून सरळ चालतो. तालही जसाच्या तसा आलेला नाही. आली ती ढोलाची ठेवण: एक जाड आवाज, एक बारीक आवाज आणि त्यांची अदलाबदल.

२९ जून, रविवार

मेहतेर. हे ओस्मानी लष्कराचं वाद्यपथक. जॅनिसरी पलटणींबरोबर, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाबरोबर, युद्धावर जायचं आणि एरवी सुलतानाच्या दारात वाजायचं. वाद्यं: झुर्ना, बोरू (कर्णा), दावुल, नक्कारे, झिल (झांजा), कोस नावाचे प्रचंड नगारे, आणि चेव्गान, म्हणजे घुंगरं लावलेली काठी.

इथे दिवाणखान्यातली माणसं कान टवकारतील. नक्कारे म्हणजे आपला नगारा. एकाच अरबी शब्दाची दोन घरं. झुर्ना सनईच्या नात्यातली. त्यांच्या वादनाला ‘नेव्बेत’ म्हणतात, ती आपली नौबत. पथकाचं ठिकाण ‘मेहतेरहाने’, आपला नगारखाना. रायगडावर नगारखान्याच्या दारातून आत जाणाऱ्या माणसाला मेहतेर ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. व्हिएन्नाच्या माणसाला समजावून सांगावी लागली, म्हणूनच तिथे ती चमत्कारिक वाटली.

१६८३ मध्ये ओस्मानी फौजेनं व्हिएन्नाला घातलेला वेढा ढोलांच्या आवाजासकट लोकांच्या लक्षात राहिला होता. १६९९च्या कार्लोवित्झच्या तहानंतर भीती ओसरली आणि हौस सुरू झाली. अठराव्या शतकात युरोपातल्या राजांनी आपापल्या फौजेत ‘तुर्की संगीत’ ठेवलं: मोठा ढोल, झांजा आणि ट्रँगल. गंमत अशी की मेहतेरमध्ये ट्रँगल नसायचाच. मोझार्टनं ऐकलं असेल ते हे, दुसऱ्या हाताचं.

आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. २६ सप्टेंबर १७८१ला वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो ऑपेरातल्या जॅनिसरी कोरसबद्दल सांगतो, की तो छोटा आहे, मजेशीर आहे आणि खास व्हिएन्नाकरांसाठी लिहिला आहे. त्याच पत्रात असंही आहे, की ओस्मिन या ऑपेरातल्या पात्राचा राग हास्यास्पद वाटतो कारण त्याच्यामागे तुर्की संगीत वाजतं. म्हणजे ढोल घाबरवायला नाही, हसवायला. शंभर वर्षांपूर्वी ज्या आवाजानं शहराची झोप उडवली होती, तो आता घरातल्या मुली दिवाणखान्यात वाजवणार होत्या.

५ जुलै, शनिवार

लय. मी ही रचना १३२ला, म्हणजे मिनिटाला १३२ ठोक्यांनी, घेत होते. मूळ सूचना ‘अलेग्रेत्तो’ (बेताची जलद) आहे, ‘अलेग्रो’ (जलद) नव्हे. मेट्रोनोम लावून व्हरांड्यात चालून पाहिलं, एका ठोक्याला एक पाऊल. १३२ला चालणं नाही, घाई होते. १२०ला लष्करी चाल येते. १०४ला मिरवणूक. मेहतेरचं पाऊल तर आणखी सावकाश असतं, चालता चालता डावीकडे-उजवीकडे वळणारं. समोरच्या इमारतीतून कुणीतरी बघत होतं. बघू दे.

पियानोवादक ग्लेन गूल्डचं ध्वनिमुद्रण ऐकलं. तो शेवटचा भाग इतका संथ घेतो की पहिल्यांदा मशीन बिघडलं असं वाटतं. पण तिसऱ्या बारमधले दोन ‘धूम’ त्या लयीत जितके स्वच्छ ऐकू येतात तितके एरवी कुठेच नाहीत. मला तो आवडला नाही, पण उपयोगी पडला. सत्रात १५ सेकंद लावेन.

मी ११२ ठरवली.

१२ जुलै, शनिवार

बीथोवन. इथे एक घोळ आधी निस्तरावा लागला. हीच चाल दोनदा येते. १८०९ मध्ये पियानोसाठी ‘सहा व्हेरिएशन्स’ (एकाच चालीची सहा रूपं), ओपस म्हणजे रचना-क्रमांक ७६, डी मेजर. मित्र फ्रान्झ ऑलिव्हाला अर्पण. मग ‘अथेन्सचे भग्नावशेष’ या नाटकाच्या संगीतात, बी फ्लॅट मेजर, वाद्यवृंदासाठी. नाटक कोत्झेबूचं, पेस्टमधल्या (आजच्या बुडापेस्टचा भाग) नव्या जर्मन नाट्यगृहाच्या उद्घाटनाला फेब्रुवारी १८१२ मध्ये झालेलं. म्हणजे चाल आधी पियानोवर जन्मली आणि ‘तुर्की’ हे नाव तिला नंतर रंगमंचावर चिकटलं. ओपस ७६ वर कुठेही तुर्की लिहिलेलं नाही!

१८०९ हे साल व्हिएन्नावर नेपोलियनच्या तोफा चालल्याचं. बीथोवन भावाच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता. त्या वर्षी त्याच्या कानांवर आदळलेला लष्करी आवाज फ्रेंच होता.

१३ जुलै, रविवार

मी वाजवणार आहे तो मार्च पियानोवादक अंतोन रुबिनस्टाइननं पियानोवर उतरवलेला. राखमानिनोव्ह या रशियन पियानोवादकाचं जुनं ध्वनिमुद्रण याचंच आहे. मोझार्ट आणि हा शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. मोझार्टचा ढोल जागेवर उभा आहे. दार उघडतं, आवाज येतो, दार बंद होतं. बीथोवनचा ढोल चालतो. सुरुवात अगदी पुसट, जणू दोन गल्ल्या पलीकडून. मग जवळ, मग अंगावर, मग पुढे निघून जातो आणि शेवटी नुसता ठेका उरतो. लक्ष्मी रोडच्या बाल्कनीत उभं राहून मिरवणूक पाहिलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको.

वाजवायला मात्र बीथोवनच अवघड. डाव्या हाताला ठेक्याशिवाय फारसं काम नाही, आणि तोच ठेका कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत नेऊन परत आणायचा. लय हलता कामा नये. माझी आवाजाबरोबर लयही वाढते. भाचा म्हणतो, नवीन पोरांचं पथकात अगदी हेच होतं.

ओपस ७६ सत्रातून वगळलं. त्यात मिरवणूक नाही, चालीची उलथापालथ आहे. शेवटी प्रेस्तो (अतिजलद) आणि मग चाल परत. चांगलं आहे, पण माझ्या प्रश्नाला उत्तर देत नाही. फक्त चाल एकदा वाजवून दाखवेन आणि नाव न सांगता विचारेन, हे कुठलं?

२० जुलै, रविवार

चूक नोंदवून ठेवते. ‘खरं मेहतेर असं होतं’ म्हणून दाखवायला मी ‘जेद्दिन देदेन’ हा प्रसिद्ध मार्च निवडला होता. लाल-हिरवे झगे, नगारे, भारदस्त गायन, सगळं साग्रसंगीत. दोन आठवडे तोच मोझार्टशी ताडून बघत होते. आज कळलं की तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. १८२६ मध्ये महमूद दुसरा याने जॅनिसरी पलटणी मोडून काढल्या, त्यांच्याबरोबर मेहतेरही बुडालं. आज इस्तंबूलच्या लष्करी संग्रहालयात वाजतं ते त्यानंतर खूप काळानं नव्यानं उभं केलेलं पथक. म्हणजे मी मोझार्टची तुलना त्याच्या पणतूच्या वयाच्या संगीताशी करत होते आणि ‘मूळ’ कसं वेगळं आहे यावर टिपणं काढत होते. तीन पानं फाडली.

मोझार्टच्या आधीचं लिहून ठेवलेलं काही हवं असेल तर ते अली उफ्कीकडे. हा जन्मानं पोलिश, युद्धकैदी म्हणून इस्तंबूलला आला, सुलतानाच्या राजवाड्यात वादक झाला आणि सतराव्या शतकाच्या मध्याला त्यानं तिथलं संगीत युरोपीय स्वरलिपीत उतरवलं. फक्त ती उजवीकडून डावीकडे लिहिली, कारण खालचे शब्द तसे वाचायचे होते. त्यातला एक पेश्रेव, म्हणजे प्रारंभीचं वाद्यवादन, आजच्या तुर्की वादकांनी वाजवलेला मिळाला. दोन मिनिटं पुरे. तो ऐकल्यावर ‘आल्ला तुर्का’ची चाल तुर्की आहे असं कुणी म्हणणार नाही.

२६ जुलै, शनिवार

तिसरी रचना सापडली, आणि तिच्यामुळे सगळा डाव फिरला.

मेहतेर मोडल्यावर सुलतानाला फौजेसाठी नवं वाद्यपथक हवं होतं, युरोपीय पद्धतीचं. १८२८ मध्ये इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती आला. ऑपेरावाल्या गाएतानो दोनिझेत्तीचा हा थोरला भाऊ. तिथेच राहिला, पाशा झाला, १८५६ मध्ये इस्तंबूललाच वारला. त्यानं महमूदसाठी एक मार्च रचला आणि पुढे अब्दुलमजीदसाठी दुसरा. १८४७ मध्ये पियानोवादक-रचनाकार फ्रान्झ लिस्ट इस्तंबूलला गेला, सुलतानापुढे वाजवलं, आणि अब्दुलमजीदच्या मार्चवर पियानोसाठी एक मोठा पॅराफ्रेज, म्हणजे मूळ चालीचा विस्तार, लिहिला.

म्हणजे माझ्या यादीतली ही एकमेव रचना, जी खरोखर तुर्की फौजेच्या, त्या वेळी प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीतावर बेतलेली आहे. उत्साहानं ऐकायला बसले. दावुल नाही, चुबुक नाही, ‘तड्ड’ नाही. सरळ इटालियन मार्च, वर लिस्टच्या आतषबाजीचा थर. डोळे मिटून ऐकलं तर मिलान वाटावं.

याच लिस्टनं आदल्या वर्षी, १८४६ मध्ये, बीथोवनच्या त्या मार्चवर ‘काप्रिच्चो आल्ला तुर्का’ लिहिलं होतं. त्यात तुर्की मसाला भरपूर. इस्तंबूलला न जाता लिहिलेलं तुर्की वाटतं, जाऊन लिहिलेलं वाटत नाही. यावर सत्रात भाष्य करणार नाही. एकापाठोपाठ एक लावून गप्प बसेन.

२ ऑगस्ट, शनिवार

‘तुर्की पेडल’. सुमारे १८००नंतरच्या काही व्हिएन्नी पियानोंना हे असायचं: पाय दाबला की आतल्या लाकडी फळीवर दांडका आपटतो, घंट्या वाजतात, खर्जाच्या तारांवर पितळी पट्टी पडते. अशा पियानोवरचं एक ध्वनिमुद्रण ऐकून घरातले सगळे हसले. मोझार्टनं हे भाग या पेडलसाठी लिहिले असं मी टिपणात घालून बसले होते. काढलं. त्याच्या, व्हाल्टर या कारागिरानं बनवलेल्या पाच सप्तकी पियानोला असं काही नव्हतं. त्याला ते बोटांनीच करावं लागलं, आणि तेच बरं झालं.

कोत्झ्वारा या रचनाकाराची ‘प्रागची लढाई’ही चाळली. १७८८च्या सुमारास आलेली, इंग्रजी दिवाणखान्यांत अफाट खपलेली रचना: तोफा, घायाळांचे आक्रोश, विजयाचं कर्णवादन, आणि त्यात एक तुकडा ‘तुर्की संगीत’. रचना सुमार. पण तोवर ‘तुर्की’ हा बाजारात मिळणारा तयार मसाला झाला होता हे तिच्यावरून कळतं. एक वाक्य, पुढे.

९ ऑगस्ट, शनिवार

रंगीत तालीम. ४७ मिनिटं झाली. कोत्झ्वारा गेला, पेडल गेलं. बुडापेस्टला २०१४ मध्ये सापडलेल्या मोझार्टच्या हस्तलिखिताची गोष्टही गेली, तशी ती जीव लावणारी होती तरी. सापडलेली पानं सोनाटाच्या पहिल्या दोन भागांची. तुर्की भागाचं हस्तलिखित पान एकच शिल्लक आहे, शेवटचं, साल्झबुर्गला. पहिल्या चार बारांतली करंगळी त्याच्या अक्षरात बघायला मिळत नाही.

आता ३८ मिनिटं.

१० ऑगस्ट, रविवार

झालं. तेरा माणसं आली. ओपस ७६ची चाल वाजवून विचारलं तर दोघांनी ‘इंग्लिश बँड’ म्हटलं, एकानं ‘शाळेची कवायत’. तुर्की कुणीच नाही. मग रुबिनस्टाइनचा मार्च सुरू केला तेव्हा हसू फुटलं. मधे लय वाढलीच. फार नाही.

लिस्टच्या दोन रचनांनंतरची शांतता मला हवी होती तेवढी टिकली नाही. कुणीतरी चहाचं विचारलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चार बारांवर. भाच्यानं लाकडी स्टुलावर एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात उदबत्तीच्या जुडग्याची काडी घेऊन दावुल वाजवला, मी फक्त डावा हात. मग मी उजवा हात घातला आणि त्याला थांबायला सांगितलं. ढोल ऐकू येत राहिला. पुढच्या रांगेतल्या काकांनी पुन्हा वाजवायला सांगितलं, या वेळी उजवा हात नको म्हणाले.

तिसऱ्यांदा वाजवायच्या आत भाचा उठला. नदीपात्रात सहाला हजेरी असते. लाटणं तो चुकून बरोबर घेऊन गेला आहे.